डर्क विलेम फान क्रेव्हेलेन

फान क्रेव्हेलेन (१९१४–२००१) : डच रसायन-अभियंते, उद्योगातील संशोधनाबरोबरच डेल्फ्ट येथे अध्यापन. दगडी कोळशातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे कार्बनशी प्रमाण दाखवणारा त्यांचा आलेख भूवैज्ञानिक आजही वापरतात. कोळशाची ही जाण पुढे बहुवारिकांच्या ज्वलनाकडे पाहताना कामी आली असावी. १९७५ मध्ये त्यांनी एक साधे सूत्र मांडले : ऑक्सिजन निर्देशांक = १७.५ + ०.४ × बहुवारिक तापवल्यावर कोळसा म्हणून उरणारा अंश (टक्के). पदार्थ मेणबत्तीसारखा वरून पेटता राहण्यासाठी ऑक्सिजन-नायट्रोजन मिश्रणात किमान जेवढे टक्के ऑक्सिजन लागते, तो हा निर्देशांक. पॉलिएथिलीन जळून जवळजवळ काहीच उरत नाही. त्याचा निर्देशांक १७-१८, म्हणजे हवेतल्या २१ टक्क्यांत ते सहज जळते. २५ टक्के कोळसा मागे ठेवणाऱ्या बहुवारिकाचा निर्देशांक मात्र २७.५ येतो. कारण कोळसा झालेला कार्बन ज्वालेला इंधन म्हणून मिळत नाही, शिवाय त्याचा थर उष्णता अडवतो. क्लोरीन-ब्रोमीनयुक्त बहुवारिकांना हे सूत्र लागू पडत नाही : पीव्हीसीतून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू ज्वालेतच शिरून तिची साखळी-अभिक्रिया तोडतो.