निवारा कुणाचा?

वारसा म्हटलं की आपण किल्ले, वाडे मोजतो. आज एका साध्या वास्तूकडे वळू: एसटीची पिकअप शेड.

पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला तो १९४९ मध्ये. त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. म्हणजे एसटी सांगली जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी! पण १९५८ चा केंद्रीय कायदा प्राचीन स्मारकासाठी किमान १०० वर्षांची अट घालतो. एसटीनं बांधलेला कुठलाच निवारा २०४८ च्या आधी तिच्यात बसणार नाही. तोवर निर्णय आपल्यालाच घ्यायचा आहे.

जुना थांबा पाडायचा निघाला की एक जण म्हणतो, ‘गळतोय, धोका आहे.’ दुसरा म्हणतो, ‘आमच्या आठवणी आहेत.’ दोघंही खरंच बोलतात. पण निवारा म्हणजे नुसत्या भिंती का? मुंबईत भायखळा स्थानकाची १८५७ ची इमारत दुरुस्त झाली, २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आणि लोक आजही तिथूनच लोकल पकडतात. वापर टिकला, म्हणून वास्तू टिकली.

आपलीही कसोटी हीच असावी. दुरुस्त होत असेल तर राखा. होत नसेल तर त्याच जागी नवा बांधा. ‘आधी पाडू, मग बघू’ याला मात्र आपण संमती देऊ नये. मधल्या पावसाळ्यात भिजणाऱ्या माणसांना सभेला कुणी बोलावलेलं नसतं.