वर्गणीदाराचें मौन

वर्तमानपत्राचा वर्गणीदार होणें ही आज क्षणार्धाची गोष्ट झाली आहे. संगणकाच्या पडद्यावर नांव लिहावें, बँकेच्या कार्डाचा क्रमांक द्यावा, कीं पत्र वाचावयास मोकळें. तीच वर्गणी बंद करूं म्हटल्यास मात्र पुष्कळदां वाट सांपडत नाहीं, आणि मुदत संपतांच पुढील रक्कम खात्यांतून आपोआप वळती झालेली आढळते. वाचक 'नको' म्हणाला नाहीं, त्याअर्थीं त्यास पत्र हवें आहे, असें येथें गृहीत धरलेलें असतें. ही युक्ति संगणकानें आणिली असा अनेकांचा समज आहे; पण ती त्याहून बरीच जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील वर्तमानपत्रें बहुतांशीं उधारीवर चालत. तेथील कित्येक पत्रांतून 'वर्तमानपत्रांचा कायदा' अशा मथळ्याखालीं कांहीं नियम वारंवार छापले जात. बंद करण्याविषयीं स्पष्ट सूचना न देणारा वर्गणीदार पत्र पुढें चालू ठेवूं इच्छितो असें समजावें. त्यानें बंद करण्यास सांगितलें तरी मागील बाकी फिटेपर्यंत प्रकाशकास तें पाठवीत राहतां यावें. टपालकचेरींतून तो अंक उचलीत नसला तरी देणें त्याच्याच माथीं राहावें, असा त्यांचा आशय असे. 'मौनं संमतिलक्षणम्' हें वचन संपादकांनीं वसुलीच्या कामीं लाविलें, असेंच म्हणावयाचें! तथापि त्यांची अडचणही खरी होती. कागद, छपाई व मजुरी यांचा खर्च आधीं होई, आणि पैसे मागाहून येत किंवा येतही नसत. पुढें १९०८ सालीं तेथील टपालखात्यानें मुदत संपलेल्या वर्गणीदारांस सवलतीच्या दरानें अंक पाठविण्यावर मर्यादा घातली. दैनिकांस तीन महिने व साप्ताहिकांस एक वर्ष एवढीच सूट उरली, आणि उधारीच्या प्रथेस त्यामुळें मोठाच आळा बसला.

आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस निघालें व १८४० सालीं बंद पडलें. तेव्हांपासून आजवर थोडींच मराठी नियतकालिकें वर्गणीच्या विवंचनेंतून सुटलीं असतील. त्यावर आपल्या मासिकांनीं काढलेला तोडगा म्हणजे व्ही. पी. होय. 'नकार न कळविल्यास पुढील अंक व्ही. पी. नें पाठवूं' ही सूचना जुन्या वाचकांच्या चांगलीच परिचयाची आहे. येथेंही मौनास संमति मानीत, परंतु एक मोठा फरक होता. पोस्टमन दाराशीं आला म्हणजे 'परत न्या' एवढे दोन शब्द पुरत. पैसा गृहस्थाच्या हातींच राही, आणि टपालखर्चाचा भुर्दंड मासिकास बसे. मौनाचा अर्थ चुकला तर त्याची किंमत अर्थ लावणाराच देई.

हा धोका अर्थ लावणाराकडून वाचकाकडे सरकविण्याचें काम प्रथम ग्रंथविक्रीनें केलें. अमेरिकेंत १९२६ सालीं निघालेल्या 'बुक ऑफ द मंथ क्लब'नें अशी पद्धत रूढ केली कीं, सभासदानें वेळेवर नकारपत्र न धाडल्यास महिन्याचें पुस्तक घरीं यावें व त्याचें बिलही यावें. या प्रकारास आळा घालणारे नियम तेथील सरकारला १९७३ सालीं करावे लागले. २८ मार्च २०११ रोजीं 'न्यूयॉर्क टाइम्स'नें आपल्या संकेतस्थळावर अमेरिकेंतील वाचकांकडून मूल्य घेण्यास आरंभ केला. पुढें इतर पत्रेंही त्या मार्गानें गेलीं. कार्डाचा क्रमांक प्रकाशकापाशीं राहूं लागल्यावर बिल पाठविण्याचेंही कारण उरलें नाहीं.

कायदा सावकाश मागून आला. संगणकावरून घेतलेली वर्गणी संगणकावरूनच बंद करतां आली पाहिजे, असा दंडक कॅलिफोर्नियांत १ जुलै २०१८ पासून लागू झाला. जर्मनींत १ जुलै २०२२ पासून त्यासाठीं स्पष्ट कळ ठेवणें सक्तीचें झालें. सर्व अमेरिकेसाठीं ऑक्टोबर २०२४ मध्यें केलेला असाच नियम मात्र जुलै २०२५ मध्यें न्यायालयानें कार्यपद्धतींतील दोषावरून रद्द ठरविला. आपल्या देशांत रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळें १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आवर्ती रक्कम कापण्यापूर्वीं निदान २४ तास आधीं ग्राहकास सूचना देणें भाग झालें. आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ज्या १३ फसव्या रचना निषिद्ध ठरविल्या, त्यांत वर्गणीचा सापळा हीही एक आहे.

वर्तमानपत्रास द्रव्य लागतें, व तें वाचकानेंच द्यावें, हें आम्हांस सर्वथा मान्य आहे. जाहिरातदाराच्या किंवा सत्तेच्या ओंजळीनें पाणी पिणाऱ्या पत्रापेक्षां वर्गणीदारांवर जगणारें पत्र केव्हांही स्वतंत्र. पण हें स्वातंत्र्य ज्या आधारावर उभें आहे, तो आधार म्हणजे वाचकाची राजीखुषी. पत्राचा अग्रलेख सत्य सोडूं लागला तर सामान्य वाचकापाशीं निषेधाचें साधन एकच असतें: वर्गणी थांबविणें. तें साधन कुलपांत ठेवणारा प्रकाशक वर्षाचे चार पैसे वांचवितो खरा. परंतु वाचक अजून आपल्याबरोबर आहे काय, हें समजण्याचा मार्ग तो स्वतःच बंद करून टाकतो. ज्या पत्रास सोडून जाणें सोपें आहे, त्याच पत्राच्या वर्गणीदारांची संख्या ही त्याची खरी प्रतिष्ठा होय.