खाडीकाठचे बदलते रूप आणि छायाचित्रांचा पुरावा

ठाणे शहराच्या उत्तर अंगाला, उल्हास नदीच्या खाडीलगत कोलशेत हे गाव वसलेले आहे. समोरच्या तीरावर भिवंडी तालुक्यातील काल्हेर. कोलशेतची मूळ वस्ती आगरी व कोळी समाजाची असून भातशेती, मासेमारी आणि पुढील काळात रेतीचा व्यवसाय यांवर गावाचा चरितार्थ चालत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे रासायनिक कारखाने उभे राहिले, एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ते निघून गेले, आणि त्यांच्या जागी गगनचुंबी निवासी इमारती आल्या. एका माणसाच्या हयातीत एका गावाने तीन रूपे धारण केली, असे म्हणावयास हरकत नाही.

या स्थित्यंतराचा इतिहास कोणी लिहू म्हटले तर त्याच्या हाती साधने कोणती? सातबाराचा उतारा जमिनीची मालकी सांगतो, गावनकाशा हद्द सांगतो, ग्रामपंचायतीचे अथवा महानगरपालिकेचे दप्तर कर सांगते. परंतु शेताचा बांध कसा होता, भरतीचे पाणी कोठवर येत असे, कारखान्याच्या भिंतीला लागून भाताची रोपे उभी होती की नव्हती, हे यांपैकी कोणताच कागद सांगत नाही. ते काम छायाचित्राचे आहे. आणि नेमकी अशीच छायाचित्रे सर्वांत दुर्मीळ असतात. असे का व्हावे, हे समजण्यासाठी या परिसरातील छायाचित्रणाची वाटचाल पाहणे आवश्यक आहे.

ठाण्याच्या अर्वाचीन इतिहासातील सर्वांत मोठा क्षण म्हणजे १६ एप्रिल १८५३. त्या दिवशी दुपारी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन ३४ किलोमीटर अंतरावरील ठाण्याकडे निघाली. या सोहळ्याची जी चित्रे पुस्तकांतून नेहमी छापली जातात, ती कोरीव चित्रे आहेत. चित्रकाराने रेखाटलेली व ठशावरून छापलेली. छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली होती आणि काचेवरील ओल्या कोलोडियनची पद्धत १८५१ साली प्रसिद्ध झाली होती. परंतु या पद्धतीत काचेला रसायनाचा थर द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि लगेच ते धुवावयाचे, असा सारा खटाटोप काही मिनिटांत उरकावा लागे. डार्करूमचा तंबू कॅमेऱ्याबरोबर हिंडे. प्रकाश कित्येक सेकंद आत घ्यावा लागत असल्यामुळे हलणारी वस्तू चित्रात धूसर होई अथवा उमटतच नसे. त्या काळच्या कॅमेऱ्याला पूल दिसे, डोंगर दिसे, थांबलेला माणूस दिसे. धावती आगगाडी मात्र दिसत नसे! म्हणजे ज्या यंत्राला आपण परिवर्तनाचा साक्षीदार मानतो, त्याला आरंभी गतीच पकडता येत नव्हती.

मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेत सहभागी होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक होत. दरम्यान लोहमार्ग १८५४ साली ठाण्याहून कल्याणपर्यंत गेला होता आणि त्यासाठी ठाण्याच्या खाडीवर दगडी कमानींचे पूल बांधले गेले होते. पूल स्थिर असल्याने कॅमेऱ्याला सोयीचा. १८५० च्या दशकातील या पुलाच्या छायाचित्रांमुळे ठाण्याच्या खाडीचे त्या काळचे रूप आज पाहावयास मिळते.

याच संस्थेचे एक संस्थापक विल्यम जॉन्सन यांनी विल्यम हेंडरसन यांच्यासह १८५६ ते १८५८ या काळात छायाचित्रांचे एक मासिक प्रसिद्ध केले. पुढे १८६३ व १८६६ साली त्यांचा मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींवरील दोन खंडांचा ग्रंथ आला. त्यातील चित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. माणसांची चित्रे स्टुडिओत घेतली जात आणि मुंबई परिसरातील दृश्यांची चित्रे वेगळी. मग दोन्हींचा मेळ घालून एकच छायाचित्र तयार केले जाई. त्यामुळे चित्रातील कोळी खरा, समुद्रकिनाराही खरा. पण तो कोळी त्या किनाऱ्यावर कधी उभा राहिला होता असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. छायाचित्र खोटे बोलत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा ग्रंथ अवश्य पाहावा.

बदल घडत असतानाच तो टिपण्याचे या प्रांतातील एक ठळक उदाहरण बोरघाटाचे आहे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर अल्पावधीतच १८५९ साली निवर्तले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी काम सोडून न देता अभियंत्यांच्या साहाय्याने ते तडीस नेले, आणि या कामाची छायाचित्रेही त्यांच्या नावे आहेत. अर्धवट कमानी, फोडलेला कडा, लाकडी परांच्या हे सारे त्या काळच्या चित्रांत आढळते. घाटात एका वेळी ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. त्यांतील कित्येक पटकीने व अपघातांनी दगावले. १८६३ साली मार्ग खुला झाल्यावर जी सुबक दृश्ये छापली गेली, त्यांत या मजुरांचा मागमूस नाही. अपूर्ण अवस्थेतील चित्राचे मोल येथे कळते: पूर्ण झालेली वास्तू पुढेही पाहता येते, अपुरी वास्तू एकदाच दिसते. १८९६ पासूनच्या प्लेगच्या साथीतही मुंबईत अशी छायाचित्रे सरकारी कारणासाठी घेतली गेली. घरांवर रसायनाचे फवारे मारणारी पथके आणि तात्पुरती इस्पितळे त्यांत दिसतात.

आता पुन्हा कोलशेतकडे येऊ. या गावात ना पहिली आगगाडी आली, ना घाट फोडला गेला. बदल आला तो सावकाश, आणि म्हणूनच कॅमेऱ्याच्या नजरेआड. भारतात रासायनिक उद्योग वाढू लागल्यावर सँडोझ, बायर यांसारख्या परदेशी कंपन्यांचे कारखाने कोलशेत परिसरात आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १८६२ नव्हे, १९६२ साली स्थापन झाले, म्हणजे बोरघाटानंतर शंभर वर्षांनी ठाण्याच्या वाट्याला दुसरे मोठे स्थित्यंतर आले. वागळे इस्टेटसारख्या वसाहती गजबजल्या आणि १९८२ साली ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली.

या काळात सामान्य कुटुंबात फोटो कसा काढला जाई, हे पाहिले म्हणजे कोलशेतची चित्रे का उरली नाहीत याचा उलगडा होतो. बहुतेकांचा पहिला फोटो शहरातल्या स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग, जिना नाही तर ताजमहाल. माणूस आपल्या गावातून निघून स्टुडिओत येई आणि गाव बाहेरच राही. पुढे आग्फा क्लिक थ्रीसारखे स्वस्त कॅमेरे मध्यमवर्गीयांच्या हाती आले. त्यांच्या एका रिळात १२ फोटो निघत. रीळ विकत घ्यावयाचे, ते धुवावयाचे, प्रती काढावयाच्या, या प्रत्येक टप्प्यावर पैसे मोजावे लागत. बारसे, मुंज, लग्न, सत्यनारायण आणि सहल एवढ्यांत बारा फोटो संपून जात. रोज समोर दिसणाऱ्या शेतासाठी त्यांतला एक खर्ची घालण्याचा विचार कोण करणार? शेत उद्याही तेथेच असणार होते. जे नाहीसे होणार आहे असे वाटत नाही, त्याचा फोटो कोणी काढत नाही. आणि नाहीसे होऊ लागले की फोटो काढण्याजोगे त्यातले फारसे उरलेले नसते.

कोलशेतला वायुदलाचे केंद्रही आहे. अशा आस्थापनांच्या परिसरात छायाचित्रणास मनाई असते, आणि कारखान्यांच्या आवारातही बाहेरच्या माणसाला कॅमेरा नेता येत नसे. गावाच्या भोवतालचा बराचसा भाग अशा रीतीने कॅमेऱ्याला बंदच होता.

जमिनीवरून जे टिपले गेले नाही, ते काही अंशी आकाशातून टिपले गेले. अमेरिकेचा लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडण्यात आला. तो १८ दिवसांनी पुन्हा त्याच प्रदेशावरून जाई. त्याच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरील सुमारे ८० मीटर लांबीरुंदीचा. त्यात घर वा झाड ओळखता येत नसे, पण पाणी, दलदल आणि वस्ती यांचा भेद कळे. १९८८ साली भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह कार्यरत झाला. या चित्रांचे महत्त्व केवळ अभ्यासकांपुरते राहिले नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड थांबविण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्यातील खारफुटीचे क्षेत्र उपग्रहचित्रांच्या आधारे नकाशावर आणण्याचेही निर्देश दिले. २०१८ साली अंतिम निकाल आला. एखाद्या जागी खारफुटी होती की नव्हती, हा वाद जुन्या चित्राकडे बोट दाखवून सोडवता येऊ लागला. ठाण्याच्या खाडीकाठी, जेथे जमिनीचा प्रत्येक तुकडा मोलाचा आहे, तेथे ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि खाडीचे छायाचित्र वाचताना सावध राहावे लागते. भरती-ओहोटीमुळे एकाच दिवसात येथील काठ दोन वेगळी रूपे दाखवतो. ओहोटीच्या वेळी घेतलेला जुना फोटो आणि भरतीच्या वेळी घेतलेला नवा फोटो शेजारी ठेवले, तर चिखलाचा पट्टा नाहीसा झाल्याचा भास होतो. मे महिन्यातले उजाड शेत आणि श्रावणातले हिरवे शेत यांचीही तुलना करता येत नाही. फोटोच्या मागे तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते एवढे लिहिले असेल तर सामान्य फोटोही पुरावा ठरतो. नसेल तर उत्तम फोटोही शोभेपुरता उरतो.

कारखान्यांचे युग कोलशेतमध्ये फार काळ टिकले नाही. सँडोझचा रसायन विभाग १९९५ साली वेगळा होऊन क्लॅरियंट कंपनी झाली. २०१४ च्या सुमारास क्लॅरियंटची कोलशेत येथील सुमारे ८७ एकर जमीन ११५४ कोटी रुपयांना लोढा समूहाकडे गेली. बायरची जमीनही याच सुमारास बांधकाम व्यवसायाकडे आली. २०२४ साली या परिसरात ग्रँड सेंट्रल पार्क हे विस्तीर्ण उद्यान खुले झाले आणि तेथे मोबाईलवर असंख्य फोटो निघू लागले. बारा फोटोंची काटकसर कधीच संपली. आता अडचण निराळी आहे: फोटो उदंड, पण ते मोबाईल बदलताना नाहीसे होतात, आणि त्यांत बहुधा चेहरा जवळ व परिसर पुसट असतो.

मग जुन्या कोलशेतचे चित्र कोठे शोधावे? ते घरोघरच्या अल्बममध्ये, माणसांच्या पाठीमागे शोधावे लागेल. गणेश विसर्जनाला खाडीवर गेलेली मंडळी, अंगणातील लग्नाचा मांडव, होडीत बसलेली मुले, क्रिकेटचा चषक हाती घेतलेला गावचा संघ. काढणाऱ्याचे लक्ष चेहऱ्यांवर होते. पण खांद्यांच्या वरून, मांडवाच्या फटीतून कोठे भाताचे खाचर, कोठे कारखान्याची भिंत, कोठे पलीकडचा मोकळा काठ उमटून गेला आहे. असे फोटो प्लास्टिकच्या पाकिटांत दमट हवेने चिकटू लागले आहेत. त्यांतील माणसांना ओळखणारी आणि मागचे शेत कोणाचे होते हे सांगू शकणारी पिढी आता वयोवृद्ध आहे.