डाव्या हाताची झेप

श्रोतेहो, आपला पेटीवाला बहुधा डाव्या हाताने भाता हलवतो आणि उजव्याने सूर काढतो. पियानोला भाता नाही. तिथे दोन्ही हात पट्ट्यांवर चालतात. सामान्यतः उजवा हात चाल वाजवतो. डावा खर्जातला सूर देतो, लगेच वर झेप घेतो आणि संगतीचे सूर भरतो. पण उजवा हातच गेला तर?

व्हिएन्नाच्या पाउल विट्गेनश्टाइन यांच्यावर हाच प्रसंग आला. त्यांचा जन्म १८८७ चा. १९१३ मध्ये त्यांची पहिली जाहीर मैफल झाली, आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. ऑस्ट्रियाच्या सैन्यात लढताना ते जखमी झाले, उजवा हात कापावा लागला आणि रशियनांच्या कैदेत पडावे लागले. सैबेरियातल्या ओम्स्क येथे त्यांनी एका खोक्यावर कोळशाने पियानोच्या पट्ट्या रेखल्या आणि त्या मुक्या पट्ट्यांवर डाव्या हाताचा सराव आरंभला!

आता अडचण पाहा. पियानोच्या पट्ट्या ८८. पंजा कितीही पसरला तरी एका सप्तकाच्या थोडा पुढे जातो. मग खर्ज आणि चाल एकाच हाताने कशी साधावी? इथे पाय मदतीला येतो. पेटीवर पट्टी सोडली की सूर संपला. पियानोत मात्र उजवी पायपट्टी दाबून धरली की तारांवरच्या नमद्याच्या गाद्या उचललेल्या राहतात, आणि सोडलेला सूरही घुमत राहतो. म्हणून करंगळीने खर्ज द्यायचा, तो पायाने धरायचा आणि हात मोकळा करून वर न्यायचा. बोटे ताणून पोहोचू पाहिले तर मनगट आखडते. सबंध हात हलला तर झेप सोपी होते.

दुसरी गंमत अशी की, डाव्या पंजाचा अंगठा उंच सुरांच्या बाजूला असतो. त्यामुळे चाल सर्वांत बळकट बोटाकडे येते. उजव्या हातात हेच काम पुष्कळदा दुबळ्या करंगळीला करावे लागते.

१९१५ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते घरी परतले. योझेफ लाबोर या त्यांच्या अंध गुरूंनी खास एका हातासाठी रचना केली. १९१६ च्या डिसेंबरात ती व्हिएन्नात वाजली. पुढे त्यांच्या विनंतीवरून फ्रान्सच्या राव्हेलने डाव्या हातासाठी काँचेर्टो लिहिला आणि ५ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी तो व्हिएन्नात प्रथम वाजवला. घर श्रीमंत होते, म्हणून रचनाकारांना मोबदला देता आला, हे खरे. पण खोक्यावरचा रियाझ काही पैशाने होत नाही!

नाझी राजवट आल्यावर १९३८ मध्ये त्यांनी देश सोडला आणि अमेरिका गाठली. १९५७ मध्ये डाव्या हाताच्या शिक्षणाचे त्यांचे तीन भाग छापून निघाले; १९६१ मध्ये ते वारले.

शिक्षकबंधूंनो, आपल्या वर्गात एखाद्या मुलाचा पंजा लहान असेल, एखाद्याचा हात अधू असेल. ‘तुला जमायचे नाही’ असे म्हणण्याआधी त्याच्या हाताला कोणती वाट सोयीची आहे, एवढे तरी शोधून पाहावे.