भरावाचा इतिहास : केम परिसरातील माळवदी घरांच्या निमित्ताने

मराठी नाटक-कादंबऱ्यांतून पडका वाडा आला की त्याचा अर्थ आपल्याला आधीच ठाऊक असतो. एकत्र कुटुंबाची पडझड, वतनदारीचा अस्त, जुन्या मूल्यांचा ऱ्हास. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'नंतर (१९८५) तर हे प्रतीक वर्गावर्गातून शिकवले गेले. प्रतीकाविषयी आमची तक्रार नाही. परंतु वाड्याला प्रतीक मानण्याच्या घाईत त्याच्या लाकडाकडे पाहायचे राहून गेले, असे आम्हाला वाटते. वाडा मूल्यांच्या ऱ्हासाने कोसळत नाही. तो तुळईच्या भिंतीत गाडलेल्या टोकाशी कुजतो, खांबाच्या पायथ्याशी कुजतो, आणि त्या कुजलेल्या जागी कोणीतरी कधीतरी काहीतरी भरलेले असते. त्या भरावालाही इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

केम हे करमाळा तालुक्यातील, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे गाव. महाराष्ट्राला ते कुंकवासाठी ठाऊक आहे. हा सगळा मुलुख अवर्षणाचा. वर्षाकाठी पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. अशा प्रदेशात उतरत्या कौलांची गरज नव्हती, म्हणून येथील जुन्या घराचे छप्पर म्हणजे माळवद. खांबावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्यांचा किंवा काटक्यांचा थर, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. साग या भागात मुबलक नव्हता. कडुनिंब आणि बाभूळ हाताशी होते. १८६० पर्यंत पुण्याहून सोलापूरपर्यंत आगगाडी पोचली, आणि बाहेरचे लाकूड आणणे पूर्वीपेक्षा सोपे झाले असणार. घरात दर्शनी सागाची कोरीव चौकट आणि मागच्या खणात वेडीवाकडी बाभूळ असा संसार दिसला, तर त्यात घरमालकाची ऐपत आणि हौस दोन्ही वाचता येतात.

कोरड्या मुलुखात लाकूड कुजावे हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. लाकूड कुजवणारी बुरशी ओलाव्यावर जगते. लाकडातील ओलावा वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिला तर तिची वाढ होत नाही. म्हणून इथे घर सर्वत्र कुजत नाही, ठरावीक जागी कुजते. पहिली जागा तुळईचे भिंतीतले टोक : माळवदावरचे पाणी भिंतीत मुरते आणि गाडलेल्या टोकाला वारा मिळत नाही. दुसरी जागा खांबाचा पायथा. जुन्या सुतारांनी खांबाखाली दगडी तळखडा दिला तो शोभेसाठी नव्हे. जमिनीची ओल लाकडापर्यंत चढू नये म्हणून. पुढे जमीन भर घालून उंच केली, फरशी बसवली आणि तळखडा गाडला गेला, की खांब ओलीत उभा राहतो. तिसरी जागा न्हाणीच्या आणि मागच्या दाराच्या चौकटीचे पाय. वाळवीचे प्रकरण वेगळे, पण तीही बहुधा याच ओल्या वाटेने येते.

या जागी जुने लोक काय भरत असत? सुतार-रंगाऱ्यांच्या बोलीत त्याला लांबी म्हणतात, लुकण असाही शब्द आहे. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेली लांबी ही सर्वांत परिचित. जवस याच प्रदेशात पिकणारे. त्याचे तेल हवेत हळूहळू घट्ट होते, पण बराच काळ किंचित लवचीक राहते. घरातल्या भेगांना लाकडाचा भुसा सरसात कालवून भरीत. बारीक छिद्रांना मेण आणि राळ, किंवा तापवलेली लाख. सरसाला पाणी सोसत नाही, लाखेला उष्णता सोसत नाही, लांबीला वजन सोसत नाही. म्हणून न्हाणीच्या दाराला सरस चालत नाही, वैशाखाच्या उन्हात तापणाऱ्या दर्शनी दाराला लाख चालत नाही, आणि तुळईला यांतले काहीच चालत नाही.

भरावाची आकांक्षा मात्र आपल्याकडे फार जुनी आणि फार मोठी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त वज्रलेपाची कृती दिली आहे. कच्ची टेंभुर्णीची फळे, कवठ, सावरीची फुले, वेखंड इत्यादी द्रव्ये पाण्यात उकळून अष्टमांश उरवावयाची, मग त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेलफळ आदी मिसळावयाचे, आणि हा लेप तापवून प्रासाद, हवेल्या, मूर्ती, भिंती, विहिरी यांना लावावयाचा. तो एक कोटी वर्षे टिकतो, असे ग्रंथकाराचे म्हणणे. या अतिशयोक्तीकडे हसून दुर्लक्ष केले, तरी कृतीतील राळ आणि जवस ही द्रव्ये आजच्या वाचकानेही ओळखावीत अशी आहेत. शब्द तर अजून जिवंत आहे. केमच्या जिल्ह्यातच, पंढरपूरला, २०२० मध्ये विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींवर रासायनिक संवर्धन झाले तेव्हा लोकांच्या आणि वृत्तपत्रांच्या तोंडी तो वज्रलेपच होता. दगड असो वा लाकूड, झिजणारे पुन्हा अभंग करण्याची इच्छा त्या एका शब्दात साठली आहे.

आमच्या मते घोटाळा याच इच्छेत आहे. १९४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीने अराल्डाइट बाजारात आणले आणि इपॉक्सी नावाचा खराखुरा वज्रलेप जगाला मिळाला. पुढे तो गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात पुड्यांतून पोचला. त्याच्याआधीच सिमेंट आले होते. दोन्ही कठीण, दोन्ही पाणी न सोडणारे. लाकूड मात्र मरूनही हालचाल सोडत नाही. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. धाग्याच्या दिशेने जवळजवळ नाहीच, पण आडवे स्पष्टपणे. कठीण भराव त्याच्याबरोबर हलत नाही. वर्ष-दोन वर्षांत भरावाच्या कडेने केसाएवढी भेग पडते, तिच्यातून पाणी शिरते, आणि आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. वरून रंग दिलेला असतो. आत कुज पूर्वीपेक्षा वेगाने चालू असते. जुनी लांबी निदान तडकून, गळून पडून आपले अपयश सांगत असे. नवा भराव ते लपवतो.

लपवण्याची किंमत काय असते, हे माळवदाच्या वजनावरून कळावे. एक फूट जाडीच्या मातीच्या थराचे वजन चौरस मीटरला सुमारे ४०० ते ५०० किलो भरते; पावसात भिजली की त्याहून अधिक. हे ओझे ज्या टोकावर टेकले आहे ते टोक भुसा आणि रसायन यांनी भरून गुळगुळीत केले असेल, तर खाली निजणाऱ्या माणसांची ती फसवणूक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरे त्यांच्या अंगावर आली. तिथे दोष लाकडाच्या कुजीपुरता नव्हता, हे उघड आहे. परंतु त्यानंतर माळवद हा शब्दच भीतीचा झाला आणि डागडुजी करता येण्याजोगी घरेही 'जुने ते घातकच' म्हणून उतरवली गेली. म्हणजे एकीकडे दोष लपवणारा भराव, दुसरीकडे सरसकट पाडापाडी. दोहोंच्या मध्ये एक तिसरी वाट आहे. ती विवेकाची आहे, आणि विवेकाला आधी नीट पाहावे लागते.

टोच्याने लाकूड टोचून पाहावे. टोक सहज आत जाते तिथवर कुज. जिथे अडते तिथून निरोगी लाकूड. सर्वप्रथम पाण्याची वाट बंद करावी, कारण ती चालू असताना भरलेला कोणताही पदार्थ व्यर्थ आहे. मग मऊ भाग खरवडून काढून उरलेले पूर्ण वाळू द्यावे. त्यानंतर टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचे पाणी पाजावे. बुरशी आणि वाळवी या दोहोंवर बोरॉनचे क्षार चालतात, मात्र पाण्याने धुऊन जातात, म्हणून जागा कोरडी राहणे अवश्य. हळदीपासून कुंकू करण्याच्या पारंपरिक कृतीत हळदीला तांबडी करणारा टाकणखार तो हाच. कुंकवाच्या गावाला त्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. यानंतरच भरावाचा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर जागा देते. चौकटीच्या कोरीव पट्टीवरचा खड्डा, उंबऱ्याची झिजलेली कड, खिळ्यांची भोके : इथे भराव योग्य, आणि तो लाकडापेक्षा थोडा मऊच असावा. हाताएवढा भाग गेला असेल तर त्याच जातीच्या लाकडाचे ठिगळ, धाग्याला धागा जुळवून. तुळईचे टोक किंवा खांबाचा पाय गेला असेल तर भराव नव्हेच. खाली टेकू देऊन, जाणत्या सुताराच्या आणि अभियंत्याच्या देखरेखीखाली, तो भाग कापून नवे लाकूड सांधणे किंवा तुळईच बदलणे.

साहित्याच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत, जिथे पाठ निश्चित नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. संपादकाने जागा भरली, पण ती भरलेली आहे हे वाचकापासून लपवले नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या बाबतीत हेच म्हटले : नवा भाग मूळ वास्तूशी सुसंगत असावा, तरी वेगळा ओळखू यावा. दोन्हीकडे तत्त्व एकच. पोकळी भरणाऱ्याने आपल्या कामाची खूण मागे ठेवावी, म्हणजे पुढच्याला ती तपासता येते, हवी तर काढताही येते.

केमसारख्या गावांतून अशी घरे आता थोडी उरली आहेत. ती सगळी वाचावीत असा आमचा आग्रह नाही. काही वाचण्याच्या पलीकडे गेली आहेत, हेही मान्य करावे. परंतु जे घर उभे ठेवायचे ठरले, त्याच्या चौकटीत नव्या लाकडाचे फिकट ठिगळ दिसले तर ओशाळण्याचे कारण नाही. वाळवीने, पावसाने आणि माणसांनी त्या घरावर जे लिहिले त्यात ती एक ओळ आपली आहे, आणि ती वाचता येण्याजोगी असावी.