गोरोचनाचं भावंड

आईचं पित्ताशय काढल्यावर डॉक्टरांनी आतले खडे बाटलीत घालून हातात दिले. पिवळसर, एकमेकांवर घासून पैलू पडलेले. एक फुटला होता. आत चकचकीत स्फटिक. 'कोलेस्टेरॉल' हा शब्द या स्फटिकांपासून जन्मला, हे कळल्यापासून मला चैन नाही.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पूलेतिए द ला साल यांना हा पदार्थ अशाच खड्यांत सापडला. पुढे शेव्रल यांनी तो अल्कलीत उकळून पाहिला. चरबीचा साबण होतो, याचा होईना. मग ही चरबी नव्हेच! त्यांनी ग्रीकमधून नाव बांधलं: 'खोले' म्हणजे पित्त, 'स्तेरेओस' म्हणजे घट्ट. शेवटचं 'ऑल' १८५९ नंतरचं, पदार्थ अल्कोहोलच्या कुळातला ठरल्यावरचं.

आपल्याकडचं घट्ट पित्त म्हणजे गोरोचन, गुराच्या पित्ताशयातला खडा. टिळ्याला आणि औषधाला वापरतात. ते गाईच्या मस्तकात सापडतं ही समजूत बहुधा टिळ्यावरूनच निघाली असावी. 'रोचन' म्हणजे रुची आणणारं, असंही सांगतात. मला ते पटत नाही. रुच् धातूचा अर्थ आवडणं तसा झळकणंही आहे, आणि संस्कृतात नुसतं 'रोचना' हे पिवळ्या रंगद्रव्याचं नाव आहे. कडू पित्ताचा खडा जिभेवरून नव्हे, रंगावरूनच ओळखला गेला असणार. तो रंग बिलिरुबिन या पित्तातल्या रंगद्रव्याचा.

माणसातही ही दोन घराणी आहेत. एक कोलेस्टेरॉलच्या खड्यांचं. दुसरं रंगद्रव्याच्या खड्यांचं: सिकलसेलसारख्या आजारात रक्तपेशी भराभर फुटल्या की काळे, पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला की तपकिरी. गोरोचन या दुसऱ्या घराण्यातलं.

बहुतेक खडे जन्मभर गप्प बसतात. एखादा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकला की उजव्या बरगडीखाली कळ येते, तिथेच राहिला तर पित्ताशय सुजतं. नलिकेत उतरला तर कावीळ होते, कधी स्वादुपिंडाला सूज येते.

आईची कळ आम्ही वर्षभर 'पित्त झालंय' म्हणून सोडून दिली. मराठीत जळजळ आणि आंबट ढेकर म्हणजे पित्त. पण ते जठरातलं आम्ल. खरं पित्त यकृतात तयार होतं. आपला शब्द शेजारच्या पिशवीवर जाऊन बसला, आणि आई तेवढे दिवस सोडा पीत राहिली.

बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी पहिल्यांदा अख्खं पित्ताशय काढलं. नुसते खडे काढून भागत नाही, पिशवी पुन्हा खडे करते, हे त्यांचं म्हणणं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली डॉ. तेहेमतन उदवाडियांनी तेच काम दुर्बिणीतून केलं. आईच्या पोटावर चार बारीक टाके आहेत.