वाफा आणि चूल

मी पाचवीत होते तेव्हा आमच्या शाळेला बाग होती. विहिरीपासून फाटकापर्यंत वांगी, भेदरं, कुंपणावर वालाचा वेल. वर्गात पाढा चुकला की गुरुजी म्हणायचे, "जा, बागेला दहा बादल्या पाणी घाल." रोज पाढा चुकणारी मुलं ठरलेली होती. त्यांचे आईबाप दिवस उगवायच्या आत मजुरीला जायचे, घरी पाढे म्हणून घ्यायला कोणी नसायचं. वांगी लागली की पिशव्या भरून कुणाकुणाच्या घरी जातात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या बागेतलं एकही वांगं मी खाल्लं नाही. पाणी घालणाऱ्यांनीही खाल्लं नाही.

पुढे वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत मी 31 वर्षं शिकवलं. शाळेची बाग म्हटलं की अजूनही मला आधी ती पिशवी दिसते. या बागा आल्या कुठून, हे मी जमेल तसं वाचत गेले, तेही तोच प्रश्न मनात धरून: पिकलं ते खाल्लं कोणी?

जोतीराव फुल्यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन दिलं, ते मी नोकरीला लागल्यावर वाचलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी त्यात आहे. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, नीती, आरोग्य आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. पुढे ते म्हणतात की शेतीच्या धड्यांना जोडून लहानसं नमुना शेत असावं, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष काम करून शिकता येईल. वाचता वाचता मी तिथेच थांबले. हे मागणारा माणूस माळ्याच्या घरातला होता. वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात कामाला लावलं होतं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत काढली, तेव्हा 1841 मध्ये ते पुन्हा मिशनच्या शाळेत गेले. मळ्यासाठी ज्याची शाळा सुटली, त्यानेच शाळेत मळा मागितला. घाम म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं, आणि नुसता घाम गाळून पोराला अक्षर येत नाही हेही.

त्याआधी जर्मनीत शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1840 मध्ये आपल्या बालशाळेला 'मुलांची बाग' असं नाव दिलं होतं. ते नाव नुसतं शोभेचं नव्हतं. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असे आणि सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे असत. आपण ती कल्पना घेताना खेळ, गाणी, ठोकळे घेतले, वाफा तिकडेच राहिला. 'बालवाडी' या आपल्या शब्दात वाडी आहे, पण शहरातल्या कितीतरी बालवाड्यांत एक कुंडीही सापडत नाही.

आपल्याकडे पिकलेलं मुलांच्या ताटात पडलं ते वसतिगृहांमुळे. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र रांधायची, एका पंगतीत जेवायची. 'कमवा आणि शिका' हा शब्द आज महाविद्यालयांच्या माहितीपत्रकात छापतात, पण त्या मुलांसाठी ते रोजचं जगणं होतं. पोरं उपाशी राहू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं. ज्या घरात चूल पेटण्याची चिंता इतकी खरी असते, तिथे पोरांनी मातीत हात घालणं ही शिक्षा कशी ठरेल?

आमच्या वर्ध्याकडे ही गोष्ट आणखी पुढे गेली. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेत द्यावं, अशी गांधीजींची मांडणी होती. मुलांच्या कामातून शिक्षकाचा पगारही निघावा अशी त्यांना आशा होती. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी परिषदेत उघड विरोध केला. ही मुलांची वेठबिगारी होईल, अशी त्यांची भीती होती. मी सेवाग्रामच्या परिसरात वाढले, गांधीजींबद्दल माझ्या मनात पूज्यभाव आहे, तरी या एका मुद्द्यावर मला शाहांचं बोलणं पटतं. आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीनेही त्याच डिसेंबरमधल्या अहवालात धोक्याची सूचना दिली: कमाईकडे लक्ष गेलं तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम उपसून घेतील आणि शिकवणं बाजूला पडेल. माझ्या पाचवीच्या वर्गातली बादली त्या समितीने कितीतरी वर्षं आधी पाहिली होती.

सेवाग्राममध्ये ही योजना राबवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाचं काम आर्यनायकम आणि आशादेवी यांनी उभं केलं. ते सिलोनचे तमिळ, त्या बंगाली, दोघंही शांतिनिकेतनहून आलेली. सूतकताई हा मुख्य उद्योग, पण सोबत भाजीचे वाफे, कापसाचं शेत आणि रसोडं होतंच. दिवसाची सुरुवात सफाईने. संडासाच्या मैल्याचं खत करायचं, आणि ते शिक्षकांनीही करायचं. त्याला शब्द होता सोनखत. मैला उचलणं ज्या समाजात एका जातीच्या माथी मारलेलं होतं, तिथे सगळ्या मुलांनी मिळून सोनखत करायचं आणि त्यावर वाढलेली भाजी एकत्र बसून खायची. हा धडा कोणत्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून देता आला नसता.

शिकवण्याच्या पद्धतीला समवाय म्हणत. काम एकीकडे आणि धडा दुसरीकडे असं नाही, कामातूनच धडा निघायचा. हे ऐकायला सोपं वाटतं, करताना घाम फुटतो. मी तिसरीच्या मुलांना 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद गादीवाफा करायला लावला तेव्हा मला ते कळलं. दोरी ताणली, चार खुंट्या ठोकल्या, तरी वाफा तिरका. एक पोरगी म्हणाली, "बाई, बाजू तर सारख्या हायेत, मंग वाकडा कावून दिसते?" मग आम्ही दोन्ही कर्ण दोरीने मोजले, ते सारखे नव्हते. खुंटी सरकवत सरकवत सारखे केले आणि वाफा सरळ झाला. तिसरीच्या पुस्तकात कर्ण नव्हता. त्या दिवशी वाफ्यात होता.

स्वातंत्र्यानंतर या पद्धतीच्या बुनियादी शाळा सरकारी झाल्या आणि वेगाने खंगल्या. खेड्यातल्या बापाला वाटे, शेती तर पोरगा घरी शिकतोच, शाळेत त्याने इंग्रजी शिकावं. यात मी त्या बापाला दोष देणार नाही. साहेबांची मुलं बुनियादी शाळेत जात नाहीत, हे त्याला दिसत होतं. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' आणला, आणि हाताचं काम एक विषय झालं, आठवड्याचे ठरलेले तास आणि गुणपत्रिकेतली एक ओळ. बाग असली तर तपासणीपुरती. बहुतेक ठिकाणी कागदी फुलं.

आता वाटतं, खरी अडचण चुलीची होती. साताऱ्यात आणि सेवाग्रामात पोरं जेवत होती, म्हणून वाफ्याला काम होतं. दिवसाच्या शाळेत चूलच नव्हती. वांगं पिकलं तर जाणार कुठे? ज्याच्या हातात सत्ता, त्याच्या पिशवीत.

मग चूल आली. 15 ऑगस्ट 1995 पासून पोषण आहार सुरू झाला, पण आमच्याकडे आधी मुलांना महिन्याला 3 किलो तांदूळ घरी द्यायचे. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला, आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत शाळेच्या मागे खिचडीचं पातेलं चढलं. आमच्या शाळेतली बाग त्या पातेल्यामुळे परत जिवंत झाली. हात धुवायच्या नळाखालून पाट काढला, पोरांच्या हातधुणीचं पाणी थेट पालकाला. मेथी चौथ्या दिवशी वर आली. सांबार, म्हणजे कोथिंबीर, दहा दिवस झाले तरी येईना, तेव्हा पोरं रोज माती उकरून दाणे बघायची आणि परत पुरायची. धने रगडून दोन फाकी करून पेरायचे असतात, हे मला स्वयंपाकाच्या मावशींनी शिकवलं, बी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं.

मे महिना मात्र दरवर्षी बागेचा जीव घ्यायचा. वर्ध्याचं ऊन 45 अंशांवर, शाळेला कुलूप. शेवटची काही वर्षं आम्ही फाटकाजवळच्या घरांतल्या मुलांच्या पाळ्या लावल्या, दोघांची एक पाळी, आणि पाळी करणाऱ्याने त्या दिवशीची भाजी घरी न्यायची. पाणी घालणाऱ्याच्या घरी भाजी गेली, ती तिथे पहिल्यांदा.

सेवाग्रामची बंद पडलेली शाळा 2005 मध्ये आनंद निकेतन या नावाने पुन्हा सुरू झाली. तिथली मुलं आजही वाफे करतात, निंदण काढतात, हिशेब ठेवतात. आमच्या शाळेतही एक वही होती. तोलकाट्यावर भाजी मोजून चौथीची मुलं पाळीपाळीने त्यात लिहायची. निवृत्त झाले तेव्हा तिची एक प्रत मी मागून घेतली. एका ऑगस्टच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय: "पालक 2 किलो 300 ग्रॅम. बरबटी 900 ग्रॅम. सगळी खिचडीत टाकली. सगळ्यांना पुरली. मीठ कमी होतं."